काठावरचे वजन

घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर साधारण ३० किलो भरते. त्यातला गॅस १४.२ किलोचा, बाकीचे लोखंड. एका माणसाने चालवायच्या साध्या प्लास्टिकच्या दहा-बारा फुटी कयाकचे वजन २० ते ३० किलोंच्या दरम्यान असते. सिलिंडर निदान कडीला धरून बुडावर फिरवत नेता येते. साडेतीन मीटर लांबीच्या गुळगुळीत बोटीला तशी सोय नसते आणि वाऱ्याची झुळूक आली की ती उचलणाऱ्याच्या हातातच वळू लागते. क्षय, कर्करोग, संधिवात, चिकुनगुनियानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी सांधेदुखी किंवा कोविडनंतरचा थकवा यांतून उठलेल्या माणसाने पहिली कयाक कोणती घ्यावी, ही चर्चा बहुतेक वेळा पाण्यावर सुरू होते : वेग किती, सरळ किती जाते, लाटेत कशी वागते. माझ्या मते ही निवड काठावर करायची आहे. गाडीच्या टपावरून उतरवणे, पाण्यापर्यंत नेणे, आत बसणे, बाहेर येणे आणि दमल्यावर तेच सगळे उलट्या क्रमाने करणे, या कामांना जी बोट कमी ताकद मागते तीच पहिली बोट म्हणून योग्य. पाण्यावरचे तिचे गुण त्यानंतर पाहावेत.

इगतपुरीच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच खरा ठरतो. इंग्रजी अमदानीपासून मुंबईची माणसे उन्हाळ्यात इगतपुरी-देवळालीला हवापालटासाठी येत आली आहेत. आजारातून उठलेल्याला घाटमाथ्यावर न्यायचे, ही कल्पना इथे नवी नाही. हवापालटाला आलेला माणूस पूर्वी व्हरांड्यात बसत असे, आता त्याला पाणी खुणावते, कारण हा तालुका धरणांचा आहे. १९१६ साली बांधून झालेले दारणा, मुंबईला पाणी देणाऱ्या साखळीतले ऊर्ध्व वैतरणा, गावाला खेटून असलेले भावली, नाशिककडे पाणी पाठवणारे मुकणे, शिवाय भाम आणि वाकी. थोडे दक्षिणेला गेले की भंडारदरा. मात्र ही तळी नैसर्गिक सरोवरे नाहीत. साठवलेले पाणी वर्षभर सोडले जाते आणि काठ मागे सरकत राहतो. ऑक्टोबरात रस्त्यापासून पन्नास पावलांवर असलेले पाणी एप्रिलमध्ये तीनशे पावलांवर जाऊ शकते. मधल्या पट्ट्यात भेगाळलेला गाळ, सुटे दगड आणि बुडालेल्या झाडांची खोडे असतात. त्यामुळे बोटीचे वजन कागदावर कायम राहिले तरी ते वाहून नेण्याचे काम हंगाम पुढे सरकतो तसे वाढत जाते. परदेशी पुस्तकांतली मार्गदर्शने लाकडी धक्का आणि फरसबंद उतार गृहीत धरून लिहिलेली असतात. तिथे २५ किलोची बोट चालून जाते, पण वैतरणेच्या उन्हाळी काठावर तेवढेच वजन दिवसभराची ताकद खाऊन टाकते.

पण मुळात अशा माणसाने हातांना एवढे काम द्यावे का? घरातली मंडळी हाच प्रश्न आधी विचारतात आणि त्यामागे माया असते, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आपल्याकडे आजारपणानंतर ‘पडून राहा’ हा सल्ला औषधाइतकाच सहज दिला जातो. त्या पडून राहण्याची किंमत मोजली गेलेली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू कमी झाले. आजार नसताना ही गत झाली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना तर अनेक वर्षे बजावले जाई की त्या बाजूच्या हाताने जड उचलू नका, एकसारखी हालचाल करू नका, हात सुजेल. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्य डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये हे गृहीत तपासायला घेतले. अशा २४ स्त्रियांना आधी तयारी करून घेऊन त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवले. एकीलाही नव्याने सूज आली नाही आणि ज्यांना आधीपासून होती त्यांची वाढली नाही. गट लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता आला नसता. पण २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी हातावर आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांची रीतसर चाचणी केली. हळूहळू वाढवलेल्या वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट तिचे जोर धरणे कमी झाले आणि ताकद वाढली. या दोन्ही प्रयोगांत ‘हळूहळू’ या शब्दाला मोठे महत्त्व आहे. वजन अगदी थोडे घेऊन सुरुवात झाली, देखरेख होती आणि वाढ शरीराकडे पाहून केली गेली.

आता उलट बाजूचा पुरावा. तो तितकाच भक्कम आहे आणि व्यायामाचे समर्थक तो टाळून जातात. काही आजारांत श्रमानंतरचा कोसळ लगेच येत नाही. तो बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी येतो आणि आठवडाभर राहतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा दीर्घकालीन थकव्याच्या विकाराचे हेच लक्षण आहे, आणि कोविडनंतर रेंगाळणाऱ्या आजारात ते अनेकांना दिसते. अशा रुग्णांना ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनमध्ये बरीच वर्षे दिला गेला. रुग्णांच्या तक्रारी आणि पुराव्याची फेरतपासणी यांनंतर तिथल्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे नाइसने, ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतून तो काढून टाकला. म्हणून ‘दीर्घ आजार’ हा एकच गट धरून सल्ला देणे मला चुकीचे वाटते. झिजलेले स्नायू परत मिळवायचे असतील तर थोडे थोडे वाढवत नेणे योग्य आहे. ज्याचे शरीर श्रमाची वसुली उशिरा करते, त्याने मर्यादेच्या आतच राहायचे असते आणि त्याच्यासाठी ‘आज बरे वाटते आहे’ हा पुरावा धरता येत नाही. त्याची नोंद तिसऱ्या दिवशी घ्यावी लागते. या दुसऱ्या गटाला काठावरच्या वजनाचा नियम अधिक कडकपणे लागू आहे, कारण बोट उचलताना लागलेला एकच जोराचा झटका पाण्यावरच्या अर्ध्या तासाच्या संथ वल्हवण्यापेक्षा महाग पडू शकतो.

हे आकड्यांत मांडता येते. स्वस्थ बसताना लागणारी ऊर्जा एक मानून इतर कामांची पट सांगणारे एक कोष्टक जगभर वापरतात. त्यात नाव संथपणे वल्हवण्याला २.८ पट आणि मध्यम जोराने कयाक चालवण्याला ५ पट धरले आहे. ११ ते २२ किलोंचे ओझे घेऊन जिना चढण्याला मात्र ८ पट. धरणाच्या काठाचा सुटा चढ जिन्याहून सोपा नसतो. म्हणजे ज्याला आपण खेळ म्हणतो तो भाग सौम्य आहे आणि ज्याला आपण मोजतही नाही तो भाग तीव्र आहे. शिवाय हा तीव्र भाग सहलीच्या सुरुवातीला येतो आणि पुन्हा शेवटी येतो, अंगात काही उरलेले नसताना. हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेवढेच काम पायांऐवजी हातांनी केले तर नाडी आणि रक्तदाब अधिक चढतात. बार्टोलोम सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की श्वासनलिका अरुंद झालेल्या काही रुग्णांचा श्वास हात अधांतरी ठेवून काम करताना विस्कळीत होतो, पायांच्या कामात तसे होत नाही. खांद्या-छातीचे जे स्नायू त्यांना श्वासाला मदत करत असतात तेच वल्ह्यात गुंततात. क्षयाची औषधे पूर्ण होऊन ‘बरा झाला’ असा शेरा मिळाला तरी फुप्फुसावरचे व्रण राहतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ कळेल. चालताना दम लागत नाही म्हणून वल्हवताना लागणार नाही, असे धरून चालू नये. वल्हवताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, ही साधी कसोटी पुरते. आणि डॉक्टरांना विचारताना ‘व्यायाम चालेल का’ असे मोघम न विचारता ‘हातांचा, बसून, अर्धा तास, पाण्यावर’ असे विचारावे, म्हणजे उत्तरही नेमके मिळते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा आणि लेप्टोस्पायरोसिसचा विषयही त्याच भेटीत काढावा.

आता प्रत्यक्ष बोटीकडे. बाजारात मुख्य भेद आत शिरून बसायच्या आणि वर बसायच्या कयाकचा आहे. आत शिरून बसायची बोट वाऱ्यात बरी आणि थंडीत उबदार असते, पण तिच्या तोंडातून पाय लांब करत घुसायचे आणि निघताना गुडघे दुमडून स्वतःला वर ओढायचे असते. वर बसायच्या बोटीत बाजूने टेकता येते आणि पाय पाण्यात सोडून उठता येते. तिची बैठक साधारण पाटाच्या उंचीची असते, म्हणून घरच्या घरी कसोटी घेता येते : पाटावर बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, उठता येते का? येत नसेल तर गुडघे-मांड्यांना आणखी काही महिने हवेत किंवा हाताला धरणारे माणूस हवे. दोन्हीत कमीपणा नाही. रुंदीबाबत दुकानदार ‘जितकी रुंद तितकी सुरक्षित’ असे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. ८५ सेंटिमीटर रुंदीची बोट डुलत नाही, पण लहान चणीच्या स्त्रीला तिच्या कडेपलीकडे पाणी गाठायला प्रत्येक फटक्याला खांदा वर काढावा लागतो आणि शस्त्रक्रिया झालेल्या किंवा सांधा दुखऱ्या खांद्याला नेमके तेच नको असते. अशा व्यक्तीला ७० ते ७५ सेंटिमीटरची बोट एकूण हिशेबात सोपी पडते, पहिले दोन दिवस थोडी हलली तरी.

वजनाच्या कसोटीवर सर्वांत वरचढ ठरतात त्या हवा भरायच्या कयाक. एकट्याची अशी बोट १२ ते १५ किलोंत बसते, म्हणजे रिकाम्या सिलिंडरएवढी किंवा थोडी कमी. पिशवीत घालून दोन खेपांत नेता येते आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना रेल्वेनेही आणता येते. इथे एक खाच आहे. हातपंपाने हवा भरणे हे स्वतःच दमवणारे काम आहे आणि तेही नेमके खांद्यांचे. गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप जोडून घेतला नाही तर हलक्या बोटीचा फायदा काठावरच संपतो. दुसरी अडचण इगतपुरीची स्वतःची. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ओली घडी केलेली कोणतीही वस्तू बुरशी धरते, म्हणून प्रत्येक वेळी बोट पुसून, वाळवून ठेवावी लागते आणि ते काम कोण करणार हे विकत घेण्याआधी ठरायला हवे. घडीच्या बोटींची कल्पना तशी जुनी. आल्फ्रेड ह्यूरिश या जर्मन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये सांगाडा आणि कापड यांची बोट बनवली आणि पुढे रोझेनहाइमच्या योहानेस क्लेपर यांनी तिचा धंदा केला, तो बोट आगगाडीतून नेता यावी म्हणूनच. आजच्या प्लास्टिक पत्र्याच्या घडीच्या बोटी ९-१० किलोंपर्यंत उतरल्या आहेत. त्या महाग आहेत आणि आपल्या धरणांतल्या दगड-खोडांवर त्यांचे किती दिवस निघतील याची मला शंका आहे. उष्णतेने साच्यात ओढलेल्या प्लास्टिकच्या आखूड बोटी मधल्या वजनाच्या असतात आणि टणक असतात. ज्याच्या घरात उचलायला दुसरे माणूस नेहमी आहे त्याने त्यांचा विचार करावा.

पैसे मोजकेच असतील, आणि लांब आजारपणानंतर ते असतातच, तर बोटीवर कमी आणि वल्ह्यावर जास्त खर्च करावा असे मी म्हणेन. संथ गतीने, दोन्ही बाजूंचे मिळून मिनिटाला ४० फटके धरले तर तासाला २४०० होतात. अॅल्युमिनियमच्या स्वस्त वल्ह्यापेक्षा फायबरग्लासचे वल्हे ३०० ग्रॅम हलके निघाले तरी तासाभरात ७२० किलोंचा फरक पडतो. प्रत्येक फटक्याला सगळे वजन उचलले जात नाही हे खरे, पण फरकाची दिशा तीच राहते आणि ती मनगटाला कळते. लांबी बोटीच्या रुंदीप्रमाणे २२० ते २४० सेंटिमीटर घ्यावी आणि पाते लहान असावे. लहान पाते वेग कमी देते आणि सांध्याला सांभाळते. लाइफ जॅकेटमध्ये मात्र काटकसर नाही. ते वजनाला योग्य, कमरेला घट्ट बसणारे आणि बसल्यावर हनुवटीला न लागणारे हवे. ‘मला पोहता येते’ हे उत्तर आजारापूर्वीच्या शरीराचे असते.

बोट उलटेल, हे धरूनच निवड करावी. वर बसायच्या बोटीला आरपार भोके असतात आणि पाणी आपोआप निघून जाते. आत बसायची बोट भरली तर ती उपसेपर्यंत निरुपयोगी ठरते. पण खरा प्रश्न पाण्यातून परत चढण्याचा आहे. पोट बोटीवर ओढून घ्यायला लागणारा जोर आजारातून उठलेल्या अनेकांकडे नसतो आणि हे खोल पाण्यात कळून उपयोग नाही. कमरेएवढ्या पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून, मुद्दाम उतरावे आणि चढून पाहावे. जमत नसेल तर दोरीची रिकीब बांधून पाय अडकवायला सोय करता येते. तरीही जमले नाही तर काठापासून उभे राहता येईल एवढ्याच अंतरावर फिरावे किंवा दोघांची बोट घ्यावी.

दोघांच्या बोटीला एक आक्षेप हमखास येतो : आजारपणात सगळे दुसऱ्यावर अवलंबून गेले, आता निदान पाण्यावर तरी एकटे असू द्या. ही भावना खरी आहे आणि तिला हलके लेखू नये. पण इगतपुरीतल्या माणसाला बँकर इंजिन माहीत असते. कसाऱ्याहून वर येताना थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे मेल गाड्यांनाही मागून जादा इंजिने लावतात आणि वर आल्यावर सोडवून घेतात. २०१९ मध्ये सुरू झालेली या मार्गावरची राजधानी थांबा न घेता चढते तीसुद्धा पुढे-मागे दोन इंजिने घेऊनच. दोघांची बोट पहिल्या हंगामापुरती, भाड्याने घ्यावी. ती उचलायला दोन माणसे असतात, मागे बसलेला वल्हवत राहतो आणि पुढच्याला हात थांबवून श्वास घेता येतो. या थांबण्याची मुभा एकट्याच्या बोटीत फक्त वारा नसताना मिळते.

वारा हा हलक्या बोटींवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. हवा भरलेली बोट पाण्यावर उंच तरंगते, वाऱ्याने पानासारखी वाहते आणि वैतरणेसारख्या पसरलेल्या जलाशयावर दुपारचा वारा परतीच्या दिशेने उलटा असेल तर कमजोर हातांना ती आणता येत नाही. आक्षेप मान्य करून मी निष्कर्ष मात्र वेगळा काढते. यावर उपाय जड बोटीचा नाही, वेळेचा आणि जागेचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, अरुंद खाडीसारखा एखादा आडवळणी भाग, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना त्याच्याबरोबर, तळाला उभे पाते असलेली बोट. पावसाळा तर सोडूनच द्यावा, तेव्हा विसर्ग कधी वाढेल याचा नेम नसतो. यांतल्या काही धरणांतून पिण्याचे पाणी जाते आणि ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, म्हणून स्वतःची बोट उतरवण्याआधी परवानगीची चौकशी करावी लागते. भाड्याने देणाऱ्याकडे राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का, हेही विचारावे. शेवटी उरतो तो चालण्याचा आक्षेप : चालणे फुकट आहे, मग हा खटाटोप कशाला? ज्याला चालता येते त्याने जरूर चालावे. पण पायांच्या नसा औषधांनी बधिर झालेल्या, खुबा किंवा गुडघा गेलेल्या, उभे राहिले की चक्कर येणाऱ्या माणसाला चालण्याचा सल्ला रोज नव्याने हरवतो. बसून, पुढे पाहत, स्वतःच्या हातांनी अंतर कापता येणे ही त्याच्यासाठी चैन नाही.

म्हणून घाई बोट विकत घेण्याची करू नये. दिवाळीनंतर भाड्याने सुरुवात करावी, पहिल्या वेळी वीस मिनिटे, आणि पुढच्या दोन दिवसांची नोंद ठेवावी. फेब्रुवारीत काठ बराच मागे गेलेला असतो. तेव्हा मनात असलेल्या प्रकारची बोट गाडीवरून उतरवून, गाळ तुडवत पाण्यापर्यंत नेऊन, पाऊण तास वल्हवून परत टपावर चढवावी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घरातली रोजची कामे नेहमीसारखी झाली तर पैसे द्यावेत.